नाव, गाव आणि मालक

एखाद्या गावाचा फुटबॉल क्लब उचलून दुसऱ्या गावी नेता येतो का?

खेळाडू नेता येतात, ते तर रोजचंच आहे. प्रशिक्षक नेता येतो. वेळ आलीच तर गोलचे खांबही उपटून टेम्पोत घालता येतील. पण क्लब? म्हणजे ते नाव, तो जर्सीचा रंग, जिंकलेले करंडक, आणि कुणीतरी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पाहिलेली पहिली मॅच? हे सगळं कसं नेणार?

तर मंडळी, नेता येतं. बल्गेरियात २०१६ साली एका छोट्या गावाचा क्लब असाच राजधानीत नेला गेला. चोरी वगैरे काही नाही बरं का. सगळं कायदेशीर. ज्याचा कागद होता त्यानेच तो नेला. आणि नेमकं तेच मला खुपतं, म्हणून आजचा हा लेखप्रपंच.

(घरच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "याला हे असलं कुठून सुचतं?" त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो.)

माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांची बल्गेरियाशी ओळख १९९४ च्या विश्वचषकात झाली. स्टोइच्कोव्हचा तो डावा पाय, आणि टक्कल पडलेल्या लेच्कोव्हने झेप घेऊन डोक्याने मारलेला गोल. त्या गोलाने जर्मनीला घरी पाठवलं. बल्गेरिया चौथी आली आणि आमच्यासारख्या रात्र रात्र जागणाऱ्यांच्या मनात कायमची जाऊन बसली. पुढे इंटरनेट आलं तेव्हा युरोपातले निकाल वाचायचा नाद लागला. त्या निकालांत दर वर्षी एक नाव दिसायचं. लितेक्स लोव्हेच. लोव्हेच हे गाव असणार एवढं कळायचं, पण लितेक्स म्हणजे काय? मला तर ते एखाद्या बनियनच्या कंपनीचं नाव वाटायचं. २००५-०६ च्या हंगामात हा संघ यूईएफए चषकात शेवटच्या ३२ संघांत पोचला, स्ट्रासबूर्गकडून हरला, आणि मी त्या नावाच्या मागे लागलो. तेव्हापासून आजपर्यंत लागलेलोच आहे.

आधी गाव बघू. लोव्हेच हे उत्तर-मध्य बल्गेरियात, बाल्कन डोंगररांगांच्या पायथ्याशी वसलेलं गाव. वस्ती आज तीस हजारांच्या आसपास. मधून ओसम नदी वाहते. गाव लहान, पण इतिहास मोठा. ११८७ साली बायझंटाइन सम्राटाने या गावाला वेढा घातला, किल्ला काही पडेना, शेवटी तह झाला आणि त्या तहाने बल्गेरियाचं राज्य पुन्हा उभं राहिलं. एकोणिसाव्या शतकात तुर्कांविरुद्ध गुप्त संघटना बांधणारा व्हासिल लेव्हस्की (बल्गेरियात या माणसाचं स्थान काय आहे हे सांगायला एक वेगळा लेख लागेल) याने आपलं मुख्य केंद्र लोव्हेचमध्येच ठेवलं होतं. १८७२ च्या डिसेंबरात तो पकडला गेला तोही लोव्हेचजवळच्या काक्रिना गावच्या एका खानावळीत. दोन महिन्यांनी त्याला सोफियात फाशी दिलं. लेव्हस्कीचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आणि गावात एक पूल आहे. लाकडी, वरून छप्पर असलेला, आत दोन्ही बाजूंना दुकानं. कोल्यु फिचेतो या नामवंत गवंड्याने तो १८७४ ते १८७६ या काळात बांधला. १९२५ साली तो जळून गेला. १९३१ साली गावाने तो परत उभा केला. मूळ पूल गेला, पण "आमचा पूल गेला" असं लोव्हेचमध्ये कुणी म्हणत नाही. पूल आहे. हेही लक्षात ठेवा.

आता क्लब. क्लबचा इतिहास सांगायचा तर करंडकांची यादी द्यायची पद्धत आहे. मला मात्र या क्लबच्या नावांची यादीच जास्त बोलकी वाटते.

१९२१ साली क्लब निघाला तेव्हा त्याचं नाव होतं हिसारिया. गावावरच्या किल्ल्याच्या टेकडीचं नाव. तुर्की भाषेत हिसार म्हणजे किल्ला, आपल्या हरियाणातल्या हिसारमध्येही तोच शब्द आहे. तर पहिलं नाव गावाने आपल्याच टेकडीकडे बघून ठेवलेलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवट आली. खेळ सरकारच्या हाती गेला. क्लब कुठल्या ना कुठल्या खात्याला किंवा कारखान्याला जोडले गेले. सोफियाचा सीएसकेए हा सैन्याचा, लोकोमोटिव्ह नावाचे रेल्वेचे, पेर्निकचा मिन्योर खाणकामगारांचा, बुर्गासचा नेफ्तोहिमिक तेलशुद्धीकरण कारखान्याचा. लोव्हेचच्या क्लबचंही बारसं पुन्हा झालं, आणि तेही एकदाच नव्हे. काही काळ तो कार्पाचेव्ह होता. हृस्तो कार्पाचेव्ह हे कवी आणि १९४३ साली मारले गेलेले कम्युनिस्ट लढवय्ये. म्हणजे हे नाव पक्षाने दिलेलं. त्यानंतर तो ओसम झाला, गावातल्या नदीच्या नावाने. या सगळ्या काळात राजधानीतल्या मोठ्या क्लबांच्या खिजगणतीतही लोव्हेच नव्हतं.

१९८९ मध्ये राजवट कोसळली. कारखाने बंद पडू लागले आणि त्यांच्या जिवावर चालणारे क्लब उघड्यावर आले. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे क्लब असे दिवस आले. पैसा कुठून आला हे विचारायची सोय नव्हती. (फार लांब जायला नको. प्लोव्हदिव्हच्या लोकोमोटिव्ह क्लबचे मालक गेओर्गी इलिएव्ह यांना २००५ साली गोळी घालून मारण्यात आलं. त्या काळात क्लबचं मालक असणं हे असं होतं.) लोव्हेचच्या नशिबी १९९६ साली आले ग्रिशा गान्चेव्ह, इंधनाच्या व्यापारातलं मोठं नाव. त्यांच्या कंपनीचं नाव लितेक्स. क्लबचं नावही लितेक्स.

म्हणजे बघा. टेकडी, शहीद, नदी, कंपनी. पंच्याहत्तर वर्षांतली ही नावं, आणि प्रत्येक नाव बरोबर सांगतं की त्या त्या वेळी क्लबवर कुणाचा हात होता. बनियनची कंपनी नव्हती, पण कंपनी होतीच! माझा अंदाज फार चुकला नव्हता म्हणायचा. :-)

आता जे घडलं ते एखाद्या गोष्टीसारखं आहे. १९९६-९७ चा हिवाळा बल्गेरियासाठी भयंकर होता. बँका बुडाल्या, महागाई एका महिन्यात दुपटीहून जास्त वाढली, म्हाताऱ्याकोताऱ्यांची आयुष्यभराची पुंजी एका पगाराएवढीही उरली नाही. त्याच हंगामाच्या शेवटी लितेक्स दुसऱ्या श्रेणीतून वर चढला. आणि वर आल्या आल्या, पहिल्याच वर्षी, १९९८ मध्ये थेट देशाचा विजेता झाला. नव्याने वर आलेल्या संघाने विजेतेपद मिळवणं बल्गेरियात तोवर कुणी पाहिलं नव्हतं. १९९९ मध्ये पुन्हा विजेता. मग २००१, २००४, २००८, २००९ मध्ये बल्गेरियन चषक. मग २०१० आणि २०११ ची विजेतेपदं. चार अजिंक्यपदं, चार चषक. मैदान कितीचं? आठ हजारांच्या आसपास माणसं बसतील एवढं.

मी इथे थोडा थांबतो, कारण पुढचं सगळं लिहिताना ही बाजू निसटायला नको. "एका श्रीमंत माणसाने पैसे ओतले आणि करंडक विकत घेतले" असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ज्या गावातली तरुण मुलं एकामागून एक परदेशी निघून चालली होती (देशाची लोकसंख्या १९८० च्या दशकात नव्वद लाखांच्या जवळ होती, २०२१ च्या जनगणनेत ती ६५ लाखांवर आली), त्या गावाला शनिवारी-रविवारी एकत्र यायला एक जागा मिळाली. सोफियाचे मोठे संघ नारिंगी जर्सीला घाबरायला लागले. लितेक्सच्या अकादमीत बाहेरगावची मुलं शिकायला यायला लागली. किरिल देस्पोदोव्ह, जो पुढे बल्गेरियाच्या राष्ट्रीय संघाचा कर्णधार झाला, तो पंधराव्या वर्षी लितेक्सकडूनच पहिल्या श्रेणीत उतरला. हे सगळं खरं होतं. पैसा गान्चेव्हांचा असेल, पण घसा गावाचा बसला होता. तो आनंद खोटा म्हणायचा आपल्याला काही अधिकार नाही.

पण आनंद खरा असणं वेगळं आणि वस्तू आपली असणं वेगळं. भाड्याच्या घरातली दिवाळीही खरीच असते की.

२०१५ च्या उन्हाळ्यात सोफियाचा सीएसकेए, देशातला सर्वाधिक विजेतेपदं मिळवलेला क्लब, कर्जापायी बुडायला आला. त्याला पहिल्या श्रेणीचा परवाना नाकारला गेला आणि तो एकदम तिसऱ्या श्रेणीत फेकला गेला. तो वाचवायला धावून आले गान्चेव्ह. म्हणजे लोव्हेचचा पोशिंदा आता राजधानीचाही पोशिंदा झाला. एका ताटात वाढणारा हात दोन ताटांत वाढू लागला की आधी कुठलं ताट भरेल, हे कळायला फार अक्कल लागत नाही. एकीकडे लाखो चाहत्यांचा क्लब, दुसरीकडे तीस-पस्तीस हजारांचं गाव.

मग आला १२ डिसेंबर २०१५. सोफियात लेव्हस्कीविरुद्ध लितेक्सचा सामना. (हो, तोच लेव्हस्की. १९१४ साली निघालेला हा क्लब त्याच क्रांतिकारकाच्या नावाने आहे.) पहिल्या अर्ध्यातच पंचांनी लितेक्सच्या खेळाडूला लाल कार्ड दाखवलं आणि लेव्हस्कीला पेनल्टी दिली. लितेक्सच्या व्यवस्थापनाला तो अन्याय वाटला आणि त्यांनी निषेध म्हणून संघाला मैदानाबाहेर बोलावलं. संघ परतलाच नाही. चार दिवसांत निकाल लागला: लितेक्सची पहिल्या श्रेणीतून हकालपट्टी. दहा संघांची श्रेणी नऊ संघांवर आली. लितेक्सचा दुसरा संघ तेवढा खालच्या श्रेणीत खेळत राहिला.

पंच चुकला की नाही यावर बल्गेरियात अजून वाद घालणारे लोक सापडतील. मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की मैदान सोडायचा निर्णय दोन-चार माणसांनी बाकावर बसून घेतला आणि शिक्षा एका गावाला झाली. गावाला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती. लोव्हेचहून बसने आलेल्या माणसांना वरून नुसतं दिसलं असणार, आपली पोरं बोगद्यात शिरताहेत. ती परत येणार नाहीत हे कळायला किती वेळ गेला असेल?

२०१६ च्या मे महिन्यात तिसऱ्या श्रेणीतल्या सीएसकेएने चक्क बल्गेरियन चषक जिंकला, अंतिम सामन्यात मोंतानाला १-० ने हरवून. कौतुकाचीच गोष्ट. पण चषक जिंकल्याने श्रेणी बदलत नाही. तिसऱ्यातून पहिल्या श्रेणीत यायचं तर मधली पायरी चढावी लागते. ती चढायची नसेल तर एक रस्ता होता. लोव्हेचमध्ये एक कंपनी पडून होती, जिच्या नावावर परवाना मिळू शकत होता. त्या उन्हाळ्यात लितेक्स क्लब चालवणाऱ्या कंपनीचं नाव बदललं, पत्ता बदलला, आणि वाढवलेल्या १४ संघांच्या पहिल्या श्रेणीत सीएसकेए उतरला. देस्पोदोव्हसारखे लोव्हेचला घडलेले खेळाडूही लाल जर्सीत गेले.

म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं: क्लब उचलून नेता येतो, कारण कायद्याच्या लेखी क्लब म्हणजे एक कंपनी आणि तिचा परवाना. बापाचा खांदा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

गंमत (गंमत कसली) अशी की सोफियातही सगळे खूश नव्हते. सीएसकेएच्या काही चाहत्यांना दुसऱ्या गावाच्या कागदावर उभा राहिलेला क्लब आपला वाटेना. त्यांनी २०१६ मध्येच सीएसकेए १९४८ नावाचा वेगळा क्लब काढला, तळापासून सुरुवात केली, आणि २०२० मध्ये तो पहिल्या श्रेणीत पोचला. पुढे तिथेही उद्योजकाचा पैसा आलाच, पण ती सुरुवातीची अडून बसण्याची वृत्ती मला आवडते. दुसऱ्याच्या घासावर जगायला नको, असं त्यांना वाटलं, ते जगण्याची संधी त्यांच्याच लाडक्या नावाला मिळत असताना.

आणि लोव्हेचचं काय झालं? इथे गोष्ट आणखी कडू होते. लोव्हेचला परत क्लब हवा होता. मग त्याच जिल्ह्यातल्या लुकोव्हित या आणखी छोट्या गावचा बोतेव्ह हा क्लब लोव्हेचमध्ये विलीन करण्यात आला आणि नवा लितेक्स तिसऱ्या श्रेणीत उभा राहिला. सोफियाने लोव्हेचचं नेलं, लोव्हेचने लुकोव्हितचं. मोठा मासा छोट्या माशाला खातो हे आपण शाळेत मत्स्यन्याय म्हणून शिकतो. पण पोटात गेलेला छोटा मासाही आणखी छोट्याला खातो हे तिथे शिकवत नाहीत. लुकोव्हितच्या बोतेव्हसाठी कुणी लेख लिहिला असेल का? निदान या परिच्छेदापुरतं त्याचं नाव इथे राहू दे.

"मग काय करायला हवं होतं? गान्चेव्हांचा पैसा नाकारायला हवा होता?" हा प्रश्न तुम्ही विचारणारच. योग्य प्रश्न आहे. त्यासाठी बल्गेरियातलीच आणखी दोन छोटी गावं बघू.

पहिलं राझग्राद. हेही लोव्हेचएवढंच. २०१० साली इथला लुदोगोरेत्स हा दुसऱ्या श्रेणीतला क्लब किरिल दोमुस्चिएव्ह या उद्योगपतीने घेतला. लितेक्सचीच पुनरावृत्ती: वर चढल्यावर पहिल्याच वर्षी, २०१२ मध्ये, शेवटच्या सामन्यात सीएसकेएला १-० ने हरवून विजेतेपद. आणि मग थांबायचं नावच नाही. २०१२ ते २०२५, सलग १४ विजेतेपदं! २०१४ च्या ऑगस्टमध्ये तर त्यांनी कमाल केली. स्टेआउआ बुखारेस्टविरुद्ध गोलरक्षक बाहेर गेलेला, बदली खेळाडू संपलेले, तेव्हा बचावपटू कोझमिन मोत्सी गोलमध्ये उभा राहिला. त्याने पेनल्टी मारलीही आणि दोन अडवल्याही, आणि राझग्रादचा संघ चॅम्पियन्स लीगच्या गटात रेआल माद्रिद आणि लिव्हरपूलशेजारी जाऊन बसला. पण एक बारीकशी गोष्ट बघा. ते मोठे सामने राझग्रादमध्ये झाले नाहीत. गावातलं मैदान तेव्हा त्या स्पर्धेच्या नियमांत बसत नव्हतं, म्हणून सोफियात झाले. रोनाल्डो आला, पण राझग्रादला नाही आला. दोमुस्चिएव्हांनी पुढे गावात मैदान चांगलं बांधलं, मोत्सीचं नाव प्रेक्षागृहाला दिलं, हे सगळं मान्य. तरीही लोव्हेचचा अनुभव माहीत असलेल्या माणसाला एक प्रश्न छळणारच. उद्या त्यांचं मन दुसरीकडे वळलं तर?

दुसरं गाव दुपनित्सा. इथल्या मारेक क्लबने आजवर एकदाही देशाचं अजिंक्यपद मिळवलेलं नाही. पण १९७७ च्या शरद ऋतूत यूईएफए चषकात बायर्न म्युनिक त्यांच्या गावी आला. हे तेच बायर्न, जे १९७४, ७५ आणि ७६ असं सलग तीन वर्षं युरोपचं विजेतं होतं. म्युनिकमध्ये मारेक ०-३ हरला होता. दुपनित्सात त्याने बायर्नला २-० हरवलं. बेरीज केली तर स्पर्धेतून बाहेरच, पण दुपनित्सात ती बेरीज कोण करतंय! पुढच्याच वर्षी त्यांनी अंतिम सामन्यात सीएसकेएला हरवून चषक जिंकला. नंतर मारेकवर फार वाईट दिवस आले, पैसे संपले, पुन्हा खालून सुरुवात करावी लागली. पण ती २-० ची दुपार दुपनित्सातच आहे. ती कुणाच्या कंपनीच्या खात्यावर नाही.

दुपनित्सातलं सगळं सोवळं होतं असं माझं म्हणणं नाही. मारेक हे नावसुद्धा एका कम्युनिस्ट नेत्याचं टोपणनाव, आणि तेव्हा गावालाही त्याच नेत्याचं, स्तांके दिमित्रोव्हचं, नाव दिलेलं होतं. सरकारचा हात मालकाच्या हातापेक्षा हलका असतो असं नाही. १९९० नंतर गावाने आपलं जुनं नाव परत घेतलं, क्लबचं नाव मात्र मारेकच राहिलं. का? कारण तोपर्यंत मारेक म्हणजे तो नेता उरला नव्हता. मारेक म्हणजे बायर्नला हरवणारी ती अकरा पोरं झाली होती.

आणि इथेच मला माझा मुद्दा सापडतो. नाव कोण देतं याला फारसं महत्त्व नाही. पक्ष देईल, कंपनी देईल. ते नाव वापरून वापरून, ओरडून ओरडून, रडून रडून लोक ते आपलं करून घेतात. २०१६ मध्ये लोव्हेचमध्ये नवा क्लब उभा राहिला तेव्हा कंपनीचा परवाना सोफियाला गेलेला होता. किल्ल्याचं जुनं नाव घेता आलं असतं, नदीचंही घेता आलं असतं. तरी नाव ठेवलं गेलं लितेक्स, आणि जर्सी नारिंगी. बाहेरच्याला हे लाचारीचं वाटेल. मला नाही वाटत. वीस वर्षांत त्या कंपनीच्या नावातून कंपनी निघून गेली होती आणि गाव आत शिरलं होतं. तो पूल आठवा. लाकूड नवं, पण पूल तोच.

मी मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे मला हे जरा जास्त लागतं हे खरं. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम भिडतात तेव्हा क्लबचं नाव म्हणजेच पेठेचा पत्ता असतो. तिथेही पैसा कुणाकुणाचा लागतो, पुढारी येतात, फ्लेक्स लागतात. पण पाटाकडील तालीम उचलून कुणी सांगलीला नेईल, ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात येणार नाही. न्यायला गेलेला माणूस घरी परत कसा येईल हा पुढचा प्रश्न! पुण्यात मात्र वेगळं झालं. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या क्लबने घेतली. चार दिवस हळहळ झाली, संपलं. पाच वर्षांत नाव पुरेसं मुरलंच नव्हतं. लोव्हेचला मुरलं होतं, म्हणून तिथे जखम झाली.

तर करायला काय हवं? मालकांना हाकला असं मी म्हणणार नाही. मालक नसते तर लोव्हेचला १९९८ दिसलं नसतं. पण एका क्लबमध्ये दोन वेगळ्या वस्तू असतात हे मान्य करायला हवं. एक म्हणजे संघ: खेळाडू, पगार, प्रशिक्षक, नफा-तोटा. हा मालकाचा, त्याने खुशाल चालवावा, विकावा. दुसरी वस्तू म्हणजे नाव, रंग, गाव आणि जुना इतिहास. ही गावाच्या नावावर हवी, नगरपालिकेच्या किंवा चाहत्यांच्या संस्थेच्या, आणि तिला हात लावायचा तर गावाचं मत घेतल्याशिवाय लावता येऊ नये. हे काही स्वप्नरंजन नाही. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की क्लबच्या कंपनीतली निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या संस्थेकडेच राहिली पाहिजेत. काही अपवाद आहेत, पळवाटाही शोधल्या जातात, पण म्युनिक असो की फ्रायबुर्ग, एका रात्रीत कुणी क्लब दुसऱ्या गावी नेऊ शकत नाही. गरीब देशाला हे परवडणार नाही, असला नियम केला तर पैसेवाला येणारच नाही, असं म्हणतात. असेल. काही येणार नाहीत. पण जो फक्त परत न्यायच्या अटीवरच देतो, त्याने दिलं असं तरी कसं म्हणायचं? त्याने वापरायला दिलं होतं.

गान्चेव्हांच्या समूहाने २०१२ मध्ये लोव्हेचजवळच्या बाहोव्हित्सा गावात चिनी ग्रेट वॉल गाड्या जोडायचा कारखाना सुरू केला होता. तोही २०१७ मध्ये थांबला. क्लब गेला, कारखाना गेला. कारखाना गेला की लोक दुसरी नोकरी शोधतात, निदान शोधू तरी शकतात. क्लबचं तसं नाही. माणूस नोकरी बदलेल, देशही बदलेल, आपला संघ बदलत नाही. म्हणून कारखान्यापेक्षा क्लबला जास्त संरक्षण हवं, कमी नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

नवा लितेक्स २०१७ मध्ये दुसऱ्या श्रेणीत आला. पहिल्या श्रेणीत पोचणं त्याला काही जमलेलं नाही आणि १९९८ सारखी गोष्ट पुन्हा घडेल असं मला वाटतही नाही. पण खालच्या श्रेणीतल्या एखाद्या सामन्याला, दोन-तीनशे माणसांसमोर नारिंगी जर्सी घालून पोरं मैदानात उतरतात तेव्हा वर टेकडीवर तो जुना हिसारिया किल्ला असतो आणि गावातून ओसम वाहत असते. क्लबची दोन जुनी नावं अजून जागच्या जागी आहेत. ती कुणाला नेता आली नाहीत.

तुमच्या गावात असं काही होतं का, जे तुमचं वाटत होतं आणि कागद निघाला दुसऱ्याचा? क्लबच असायला हवा असं नाही. नाट्यगृह असेल, वाचनालय असेल, सूतगिरणीचं मैदान असेल. जरूर कळवा.